आरसेबाईचा खडबडीत पट्टा

बसची वाट बघत उभे असता, तेव्हा तुमच्या डोक्यावर कोण राहतं हे कधी मान वर करून बघितलंय का? खरं सांगा. नाही बघितलं. फोन बघितला, घड्याळ बघितलं, शेजारच्याची पिशवी आपल्या पायावर आलीय का तेही डोळे वटारून बघितलं. डोक्यावर अख्खी वस्ती नांदतेय, तिचा पत्ता नाही. खांद्यावर पांढरा ठिपका पडला की मात्र मान झटक्यात वर जाते आणि तोंडातून निघतं, "मेली वटवाघळं!"

वटवाघळं नव्हेत ती. चिमण्याही नव्हेत. पाकोळ्या म्हणतात त्यांना. काळपट अंग, कोयत्यासारखे लांब वाकडे पंख, आणि शेपटीच्या वर पांढरा रुमाल बांधावा तसा एक ठिपका. दिवसभर आभाळात असतात, संध्याकाळी थव्यानं चिर्रर्र करत इमारतीला घिरट्या घालतात आणि छताच्या कोपऱ्यात घुसतात.

इतक्यात ओशाळू नका. या गोष्टीतली बाईसुद्धा त्यांना वटवाघळंच म्हणायची. ज्या बसस्थानकाच्या पोर्चखाली तिच्या नवऱ्याची चहाची गाडी उभी असे, त्याच पोर्चच्या छताला या पाकोळ्यांची घरटी होती. रोज तिथं चहा प्यायची, रोज शिव्या घालायची. वर मात्र कधी बघितलं नाही. बघितलं तेव्हा हातात थापी होती आणि एक घरटं तिनं पाडलेलं होतं.

बाई गिलाव्याची मिस्त्रीण. भिंतीवर आणि छतावर सिमेंटचा गिलावा चढवणं हा तिचा धंदा. "मिस्त्रीण म्हणजे मिस्त्रीची बायको ना?" असं इतक्या लोकांनी विचारून झालंय की ती आता उत्तर देत नाही, थापी दाखवते. आधी तीही डोक्यावर घमेलं घेऊन वर-खाली करणारीच होती. मिस्त्री होता तिचा नवरा. एकदा तो परांचीवरून, म्हणजे बांबूच्या मचाणावरून, खाली आला तो खांदा मोडूनच. हाड जुळलं, पण हात काही खांद्याच्या वर जाईना. आणि ज्याचा हात वर जात नाही त्यानं छताचा गिलावा करायचा कसा? मग त्यानं युक्ती काढली. स्वतः घमेलं पालथं घालून त्यावर बसायचं, बायकोला वर चढवायचं आणि खालून ओरडायचं.

"मनगट! मनगट वळव! झाडू मारतेयस का?"

"मग तुम्हीच या की वर!"

"आलो असतो तर तुझी मिजास ऐकली असती का?"

छतावर फेकलेला माल तिच्याच तोंडावर पडायचा. नाकात सिमेंट, केसात सिमेंट. खालून नवरा हसायचा, मग खोकायचा, मग पाणी द्यायचा. शिकता शिकता तिचा हात असा बसला की ठेकेदार येऊन भिंतीवरून तळवा फिरवायचे आणि तळव्याकडे बघत राहायचे. मग नवऱ्यानं खालून ओरडणं सोडलं आणि चहाची गाडी टाकली. "बायकांच्या हाताला जोर नसतो" म्हणणाऱ्यांना तिनं तोंडानं उत्तर दिलं नाही, रंध्यानं, म्हणजे गिलावा घोटायच्या फळीनं, दिलं. घासून घासून भिंत इतकी गुळगुळीत करायची की एक ठेकेदार म्हणाला, "या भिंतीत बघून भांग पाडता येईल." तेव्हापासून ती आरसेबाई. खरं नाव रेशन दुकानदारालाच ठाऊक असेल. आरशाचा तिला गर्व होता, आणि का नसावा? तो नसता तर ती अजून घमेलंच वाहत असती.

तर, बसस्थानकाचा पोर्च. छताचे पोपडे निघाले होते. एक मोठी खपली बाकावर पडली. नशीब, त्या वेळी बाक रिकामा होता. मग साहेब लोकांना जाग आली आणि जुना गिलावा काढून नवा करायचं ठरलं. ठेकेदारानं आरसेबाईला बोलावलं. "या कामाची मुख्य मिस्त्री तू. तुझ्या वर कुणी नाही. हे डोळ्यात भरलं ना, की शहराच्या सभागृहाची दर्शनी भिंत तुझ्या नावानं मागतो."

तुझ्या नावानं! बाईनं घरी जाऊन हे वाक्य नवऱ्याला ऐकवलं, जावेला ऐकवलं, भाजीवालीलाही ऐकवलं. जाऊ तिची मदतनीस, माल कालवायची. ती म्हणाली, "म्हणजे आता तुम्हाला बाईसाहेब म्हणायचं का?" "म्हण," आरसेबाई म्हणाली, "पण माल पातळ कालवलास तर बाईसाहेब थोबाडीत देतील."

पहिल्याच सकाळी परांची बांधून झाली. बाई वर चढली. छत आणि तुळई जिथं मिळतात त्या कोपऱ्यात पिसांचे, काड्यांचे, कचऱ्याचे मळकट गोळे एकाला एक चिकटून बसलेले. जळमटंच म्हणायची. पहिल्या गोळ्याला तिनं थापीची कड लावली आणि उचकटला. गोळा हातात आला, आणि त्यातून काहीतरी काळं निसटून खाली फरशीवर पडलं.

खाली गलका. नवरा चहाचं पातेलं सोडून धावला. फरशीवर एक पाखरू पंख पसरून पडलेलं. उठायचा प्रयत्न करत होतं, पण पाय दिसेचनात. पंख फरशीवर आपटत होते, वल्ही वाळूत अडकल्यासारखे.

"पंख मोडला बिचारीचा," कुणीतरी म्हणालं.

"मोडलाबिडला काही नाही," नवरा म्हणाला. "वर फेकायचं. फेकलं की उडतं. लहानपणी आम्ही असंच करायचो."

त्यानं ते चांगल्या हातात उचललं आणि हात मागे घेतला, तोच मागून आवाज आला, "फेकू नका! खबरदार!"

या सिस्टर. निवृत्त नर्स. गळ्यात दुर्बीण, पायात कापडी बूट, रोज सकाळी तळ्याकडे जाणाऱ्या बससाठी इथं उभ्या राहायच्या. नवरा त्यांना पाठीमागे 'दुर्बीण' म्हणायचा आणि तोंडावर चहात साखर कमी घालायचा, त्यांच्याच सांगण्यावरून.

"लहानपणी फेकायचात, त्यातल्या सगळ्या उडाल्या?" सिस्टरनी विचारलं.

"बऱ्याचशा."

"आणि उरलेल्या?"

नवरा डोकं खाजवत म्हणाला, "उरलेल्या... मांजर न्यायचं."

"हां. मग द्या इकडे."

सिस्टरनी नर्सच्याच हातानं एक पंख उलगडला, मग दुसरा. छाती चाचपली. "धड आहे. घाबरलीय फक्त. हिचे पाय बघा. हे एवढेसे. चारही बोटं पुढच्या बाजूला. हे पाय चालायला नाहीत, फांदीवर बसायलाही नाहीत. उभ्या भिंतीला नखं रोवून लटकायचं, एवढ्यासाठीच. सपाट जमिनीवरून हिला उठता येत नाही. पंख एवढे लांब की मारायला गेली तर जमिनीलाच लागतात."

आरसेबाई एव्हाना खाली उतरली होती. अंगात कामाचा जाडाभरडा शर्ट. पाखरू हातात घेतलं तसं ते सरपटत तिच्या छातीवर गेलं आणि शर्टाला नखं रोवून चिकटलं. सुटता सुटेना.

"अगं, बिल्ला लावल्यासारखी बसली," नवरा म्हणाला.

सगळी वरात बसस्थानकाच्या गच्चीवर गेली. सिस्टरनी सांगितलं तसं बाईनं तळहात सपाट धरून कठड्याबाहेर उंच केला. पाकोळी बसून राहिली. तिचं अंग थरथरत होतं. "ती गाडी गरम करतेय," सिस्टर म्हणाल्या. आणि मग ती तळहातावरून नुसती घसरली. खाली गेली, अजून खाली, बाईनं डोळे मिटायच्या आत पंखांनी वारा धरला आणि ती जी वर उठली ती रस्त्यापलीकडच्या तारांवरून आभाळात.

बाईचा जीव भांड्यात पडला. पण सिस्टर एवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. त्यांनी खाली येऊन तो पडलेला गोळा उचलला.

"हे घर होतं हिचं. ही कुठं उतरून काड्या गोळा करत नाही, उतरताच येत नाही ना. हवेत उडतं पीस, काडी, कापूस दिसला की उडता उडताच चोचीत धरायचं. आणि इथं आणून थुंकीनं चिकटवायचं."

"थुंकीनं?" नवरा खूश झाला. "म्हणजे बसस्थानकात थुंकणाऱ्यांत कामाच्या तेवढ्या याच!"

जाऊ फिसकन हसली. आरसेबाई हसली नाही. ती गोळा उलटापालटा करून बघत होती. आतून नीट पिसांचं अस्तर, कडा चकचकीत, वाळलेल्या सरसासारख्या. तिनं बोटानं दाबून बघितलं. पक्कं काम.

"किती दिवस लागतात एवढं करायला?"

"आठवडेच्या आठवडे. वारा पडला तर पीस उडत नाही, मग काम बंद. नवरा-बायको दोघं मिळून करतात. आणि हे फक्त पिल्लांपुरतं नसतं हो. या बारा महिने याच घरट्यात झोपायला येतात."

भिंत कशी उभी राहते हे ज्याला माहीत आहे त्यालाच ती पाडल्याचं कळतं. कुणी आपल्या ओल्या गिलाव्यात खिळा मारला तर आरसेबाई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. आणि इथं तिनं कुणाचं तरी महिनाभराचं काम एका फटक्यात उतरवलं होतं. ती पुन्हा वर चढली. दुसऱ्या गोळ्याच्या भोकात डोकावली. आतून दोन रुंद, गुलाबी तोंडं उघडली.

दुपारी ठेकेदार आला. छत जसंच्या तसं.

"झोपला होतात का सगळे?"

"शेठ, वर पिल्लं आहेत. आधी खांब घेते, मग भिंती. छत शेवटी."

"बाई, काम छतापासून खाली येतं. हे मी तुला शिकवू?"

"खाली सांडलं तर मी पुसेन. खांब झाकून घेईन. पण उडायच्या आत हात लावणार नाही."

"वटवाघळांसाठी?"

"पाकोळ्या आहेत त्या!" बाई एवढ्या जोरात ओरडली की बसमधल्या लोकांनी माना बाहेर काढल्या. सकाळपर्यंत तिलाच हे नाव माहीत नव्हतं, पण राग आला की माणूस जन्मभराचं ठाऊक असल्यासारखा बोलतो. "आणि ऐका, घरटी मीच काढणार आहे, कारण वरचा गिलावा सडलाय, तो उद्या कुणाच्या डोक्यात पडेल. पण मी त्यांना जागा परत देणार. याच कोपऱ्यात. शब्द आहे माझा."

ठेकेदारानं हात जोडले. "दे बाई. शब्द दे, जागा दे, भाडेकरार कर. मला फक्त पोर्च डोळ्यात भरला पाहिजे."

शब्द देणं सोपं. सिस्टरनी दुसऱ्या दिवशी त्याचं वजन सांगितलं. पूर्वी टपाल कचेरीच्या कमानीत पाकोळ्या होत्या, जुन्या गोदामात होत्या, घड्याळाच्या मनोऱ्यात होत्या. कमान पाडली, गोदामाच्या जागी काचेची इमारत आली, मनोऱ्याला जाळी ठोकली. या भागातली ही शेवटची वस्ती. पाकोळी त्याच जागी परत येते. जागा नाहीशी झाली तर तिथंच घिरट्या घालत राहते. मग एक दिवस येत नाही. मग कुणीच येत नाही.

खांबांचं काम चाललं तोवर आरसेबाईला शेजार मिळाला. परांचीवर तिच्या डोक्याच्या उंचीवर घरटी. आई-बाप बाणासारखे आत यायचे, घशात काहीतरी फुगलेलं. सिस्टरनी सांगितलं, ती चिलटं, माश्या, उडत्या मुंग्या. शेकडो किडे लाळेत कालवून केलेली गोळी. "म्हणजे तुमच्या डासांचाही बंदोबस्त आहे यात," असं त्या नवऱ्याला म्हणाल्या, तेव्हा त्यानं दुर्लक्ष केल्यासारखं केलं; पण दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाला तेच वाक्य स्वतःचं म्हणून ऐकवलं. एकदा एक चिमणा मोकळ्या घरट्यात घुसून स्वतःचं गवत भरू लागला. पाकोळी आत शिरून जी चिरचिरली! "कुळानं जागा बळकावली," नवरा खालून म्हणाला, आणि मान अवघडेपर्यंत निकाल काय लागतो ते बघत बसला. मोठी झालेली पिल्लं घरट्यात पंख टेकवून अंग उचलायची, पुन्हा टेकायची. व्यायामच तो. कुणी शिकवत नाही, कुणी हात धरत नाही. एक दिवस दारातून खाली पडायचं आणि पडता पडताच उडायचं. आरसेबाईला हे बघवत नसे. तिला नवरा पडला ती वेळ दिसे. पण एकही पिल्लू जमिनीवर आलं नाही.

शेवटचं घरटं पिल्लांवाचून मोकळं झालं तशी बाई कामाला भिडली. सकाळी पाकोळ्या बाहेर पडल्या की थापी सुरू. जुना गिलावा उतरवला, नवा चढवला. आणि कोपऱ्यात द्यायची जागा नुसती मोकळी ठेवली नाही, स्वतःच्या डोक्यानं घरं केली. वाटीच्या साच्यावर सिमेंटच्या अर्ध्या वाट्या पाडल्या, तोंड किती रुंद ते सिस्टरच्या पक्ष्यांच्या पुस्तकातून घेतलं, आणि त्या वाट्या तुळईच्या कडेनं एका रांगेत छताला बसवल्या. एकेक वाटी तिनं आतून-बाहेरून घोटली. ओल्या कपड्यानं पुसली. पुन्हा घोटली. छताचा कोपराही तसाच. आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम. सिस्टर दुर्बीण लावून बघत म्हणाल्या, "अहो, यात मीच राहायला जाईन."

संध्याकाळी थवा आला.

पहिली पाकोळी वाटीपाशी आली, टेकली, आणि घसरली. पंख मारून पुन्हा वर गेली, पुन्हा टेकली, पुन्हा घसरली. दुसरी छताला चिकटायला गेली आणि मागे फेकली गेली. सगळा थवा पोर्चमध्ये घुसायचा, कोपऱ्यापाशी फडफडायचा आणि चिरचिरत बाहेर पडायचा. अंधारू लागलं तशा त्या आभाळात उंच उंच गेल्या, दिसेनाशा झाल्या.

"ओल्या सिमेंटचा वास असेल," सिस्टर म्हणाल्या. "थांबू या."

थांबले. वास गेला. पाकोळ्या रोज संध्याकाळी आल्या, रोज घसरल्या. रोज थवा थोडा विरळ दिसला. सिस्टरनी पुस्तक पुन्हा चाळलं, उंची मोजली, तोंडाची रुंदी मोजली. सगळं बरोबर. आरसेबाईची झोप उडाली. जावेवर ओरडली, नवऱ्यावर ओरडली, पाकोळ्यांवरही ओरडली: "एवढं चांगलं बांधून दिलंय, नखरे कसले करता!"

आणि मग ठेकेदाराचा निरोप आला. उद्या सकाळी परांची सोडणार, ती दुसऱ्या कामावर हवी आहे. परवा मोठे साहेब काम तपासायला येणार.

त्या संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं. नवरा गाडीला टेकून वर बघत होता. म्हणाला, "अगं, त्यांचे पाय सरकतात."

"कळतंय मला."

"नाही कळत. जुन्या भिंतीवर नवा गिलावा घ्यायचा तर तू आधी काय करतेस?"

"टाचे मारते. छिन्नीनं खाचा पाडते. का?"

"का पाडतेस ते तू सांग."

"नाहीतर गिलावा धरत नाही, घसरून..." बाई थांबली.

"तुझा आरसा नडतोय," नवरा म्हणाला. "सगळ्या भिंतीला टाचे मारणारी तू, आणि ज्यांना नखांवर लटकायचंय त्यांना काच करून दिलीस. माझ्यासारख्याला परांची बांधून दिलीस आणि वर तेल ओतलंस."

वाईट काय असतं माहितीये? आपल्याच धंद्यातली गोष्ट दुसऱ्यानं सांगणं. तेही नवऱ्यानं. आरसेबाईचा असा भडका उडाला की तिनं चहाचा ओगराळा फेकला. "खाली बसून बोलायला काय जातंय! परवा साहेब येणार. त्या कोपऱ्याला टाचे मारले तर काय दिसेल? अर्धवट काम दिसेल. म्हणतील, बाईच्या हाताला जमलं नाही. सभागृह गेलं. नाव गेलं. तुम्हाला काय!"

"मग साहेब येऊन गेल्यावर मार."

"परांची उद्या जाणार आहे!"

"मग नको मारूस."

नवरा हे चिडून म्हणाला नाही, समजुतीनं म्हणाला. तेच तिला जास्त लागलं. चिडला असता तर भांडून मोकळी झाली असती. वर थोडासाच थवा उरला होता. त्यातली एक पुन्हा वाटीपाशी गेली, नखांनी सिमेंट खरवडत क्षणभर टिकली आणि सुटली. तो खरखर आवाज खालीसुद्धा ऐकू आला.

सकाळी परांचीवाले आले तेव्हा आरसेबाई आधीच वर होती. "थांबा," म्हणाली, "चहा घ्या. माझ्या नवऱ्याच्या नावावर." ते चहा पीत बसले आणि ती छिन्नी-हातोडा घेऊन स्वतःच्या आरशावर तुटून पडली. तुळईच्या कडेनं हातभर रुंदीचा पट्टा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येक वाटीची कड, प्रत्येक वाटीचं पोट. पहिला घाव घालताना तिनं तोंड फिरवलं होतं. नंतर नाही. टाचे मारायचे तेही नीटच मारले पाहिजेत. खोल नाही, उथळ नाही, पाखराच्या नखाला बसतील असे. खाली जाऊ सिमेंटची धूळ अंगावर घेत उभी होती. म्हणाली, "बाईसाहेब, चेहऱ्यावर देवीचे व्रण आल्यासारखं दिसतंय."

"दिसू दे."

सिस्टर आल्या, वर बघितलं आणि कपाळावर हात मारला. "मी भिंत म्हणजे भिंतच धरून चालले हो. आकार मोजत बसले आणि पाय विसरले." मग त्यांनी पोर्च रंगवायला आलेल्या रंगाऱ्याला गाठलं आणि या पट्ट्याला ब्रश लावून खाचा बुजवल्यास तर बघ, म्हणून दम भरला.

साहेब आले. तळवा फिरवला, बोटाच्या पेरानं ठोकून कुठं पोकळ वाजतं का ते बघितलं. कुठंच वाजलं नाही. मग मान वर गेली.

"हे काय? हे राहिलं का?"

ठेकेदारानं आरसेबाईकडे असं बघितलं की जणू तीच छतावरून पडलीय. बाईनं घसा साफ केला. "राहिलं नाही साहेब. केलंय. आधी गुळगुळीत केलं होतं, ते चुकलं माझं. पाकोळ्यांना धरायला जागा हवी, म्हणून मुद्दाम खडबडीत केलंय. पडायचं नाही, हमी माझी."

"दिसायला वाईट आहे."

"वाईटच आहे," आरसेबाई म्हणाली. तिला ते साहेबांपेक्षा जास्त टोचत होतं.

 पक्ष्यांबद्दल साहेबांनी काही विचारलं नाही, कौतुकही केलं नाही. "मजबूत आहे ना? मग राहू दे," एवढंच म्हणाले आणि गाडीत बसले. काम मंजूर झालं. सभागृहाची भिंत मात्र ठेकेदारानं दुसऱ्या मिस्त्रीला दिली. तोंडावर सांगितलं, हे त्याच्या बाजूनं म्हणावं लागेल. "बाई, तुझा हात सोन्याचा आहे, पण तुझ्या डोक्याचा मला भरवसा नाही." आरसेबाईनं त्याला चहा दिला, साखर दुप्पट घालून. चार दिवस ती कुणाशी धड बोलली नाही.

त्या चार दिवसांतल्याच एका संध्याकाळी नवरा ओरडला. गाडीवरचं दूध उतू चाललेलं, आणि हा वर बोट करून नाचतोय. एक पाकोळी वाटीच्या कडेला लटकली होती. घसरली नाही. अंग हलवलं, नखं पुन्हा रोवली, आणि वर सरकून आत शिरली. पाठोपाठ दुसरी. मग त्या आतून अशा काही चिरचिरल्या की बसची वाट बघणाऱ्या एका आजोबांनी मान वर केली आणि म्हणाले, "वटवाघळं वाटतं."

"पाकोळ्या!" नवरा आणि बायको एकदम ओरडले. आजोबांनी पिशवी छातीशी धरली.

सगळ्या परत आल्या नाहीत. सिस्टर म्हणतात, गेलेल्या कुठं गेल्या ते सांगता येत नाही. आभाळ मोठं आहे. पण काही वाट्यांच्या तोंडाशी आता पिसं दिसतात, थुंकीनं चिकटवलेली, आणि एका जोडीनं तर वाटी सोडून शेजारच्या खडबडीत पट्ट्यावरच गोळा धरलाय. बाईच्या एवढ्या मेहनतीच्या वाटीकडे पाठ! "माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त कळतं म्हणे," ती म्हणते, आणि चिडल्यासारखं करते. नवऱ्यानं चहाची गाडी कोपऱ्याखालून थोडी बाजूला घेतली आणि वर ताडपत्री बांधली. सिस्टरच्या सोसायटीचं बाहेरचं काम निघालं, तेव्हा त्यांनी आरसेबाईलाच बोलावलं. तिथं तिनं सगळ्या भिंती आरशासारख्या केल्या आणि छज्ज्याखाली एक खडबडीत पट्टा सोडला. विचारलं तर सांगते, तो पट्टा आपल्यासाठी नाही.

आणि आता तुम्ही. तुमच्या इमारतीचं, शाळेचं, दुकानाचं प्लास्टर कधी ना कधी निघणारच आहे. काम सुरू करायच्या आधी शिडी लावून कोपऱ्यात डोकावा. पिल्लं असली तर ती उडेपर्यंत थांबा. आणि मिस्त्री तुमच्यासाठी छत घोटायला लागला की त्याला हाक मारून एवढं सांगा: वरचा हातभर पट्टा खडबडीत ठेव. तो हसेल, नाक मुरडेल, वाईट दिसेल म्हणेल. तरी सांगा.